आईचं लिहिणं ते बाळाचं रील: बडोद्याच्या आया आता ऑनलाइन कुठे बोलतात?

सूरसागर_काठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी,

माझी भाची मांजलपूरला राहते. गेल्या महिन्यात तिच्या बाळाचं उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, खिरीचा पहिला घास आणि बाळाने केलेलं तोंड, असं छान रील तिने टाकलं. ते बऱ्यापैकी फिरलं आणि लगेच एका एजन्सीचा निरोप आला. बाळाच्या तयार सीरियलचे डबे फुकट पाठवू, बाळाला भरवतानाचं रील करा, वर पैसेही देऊ. तिने मला विचारलं, "मावशी, तू इतकी वर्षं ब्लॉग लिहितेस, सांग ने, करू का?"

या प्रश्नाचं उत्तर मला हवंच आहे. पण त्या निमित्ताने एक मोठी गोष्ट मनात आली, तीही मांडते.

माझा मुलगा झाला तेव्हा, २००८ साली, मी ब्लॉग सुरू केला. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी, रात्री बाळ झोपलं की कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि एकेक अक्षर जुळवत मराठी टाइप करायचं. मी काय लिहायची? झोप नाही म्हणून होणारी चिडचिड. दूध पुरत नाही असं येणारा-जाणारा सांगतो तेव्हा पोटात पडणारा खड्डा. सासूबाईंचा डिंकाचा लाडू आणि माझा नकार. शेजारच्या बेन गुजरातीत जी अंगाई म्हणायच्या ती. मुलाला मी एका टोपणनावाने लिहायची आणि त्याचा चेहरा क्वचितच दिसायचा. विषय मी होते. नागपूरहून, न्यू जर्सीहून, कुठून कुठून बायका लिहायच्या, 'अगं, माझंही हेच'. त्या प्रतिसादांच्या आधारावर मी ते वर्ष काढलं.

आता आयांची पानं बघते तेव्हा चित्र उलटं दिसतं. बाळ पुढे आणि आई कॅमेऱ्यामागे. आईचा फक्त आवाज, तोही बहुतेक वेळा उसना, कुठल्यातरी गाजलेल्या ऑडिओचा. तिला काय होतंय ते कुठेच नाही. बाळंतपणानंतरचं रडू कुठे गेलं? ते थांबलं तर नक्कीच नाही.

मला वाटतं की आईने स्वतःबद्दल बोलण्याची जागा गेली आणि तिथे तिच्या मुलाला उभं केलं गेलं. हे कसं झालं, आणि ती जागा परत मिळवता येईल का, यावर तुमचे अनुभव हवेत. रील करणाऱ्या मुलींनीही मोकळेपणाने लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

अलकापुरी_जुनी_गल्ली

ताई, मी बाप आहे, पण तुमचा ब्लॉग तेव्हा नियमित वाचायचो म्हणून लिहितो.

हे एका दिवसात झालं नाही. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं. आपण पंचवीस-तीस ब्लॉग एका ठिकाणी वाचायचो, तो धागाच तुटला. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट गेलं. लोक फेसबुकवर आधीच पोचले होते, प्रतिसादही तिकडे गेले आणि ब्लॉगखालची गप्पांची ओसरी रिकामी झाली. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहणं जवळजवळ फुकट झालं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि ८ जुलैला इंस्टाग्रामने भारतात रील्स आणली. नऊ दिवसांचं अंतर. त्या वर्षी ज्या मुली आई झाल्या त्यांनी ब्लॉग पाहिलाच नाही. त्यांच्यासाठी 'ऑनलाइन' म्हणजे उभा व्हिडिओ.

वाघोडिया_रोड_मम्मा

मी रील करते. लिहू का नको असा विचार केला, पण ताईंनी बोलावलंय म्हणून लिहिते.

काकू, तुमच्याकडे रात्री कॉम्प्युटरपुढे बसायला वेळ होता, दोन हात होते. माझी मुलगी दोन तास अंगावर प्यायची. माझ्याकडे एक हात आणि एक फोन होता. एका हाताने चार परिच्छेद मराठी टाइप होत नाही. एका हाताने व्हिडिओ होतो. लिहिणं आम्ही आळसाने सोडलं असं कृपया कोणी समजू नका.

दुसरं म्हणजे पैसा. मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची रजा कायद्यात आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर द्यायला हवं, हेही आहे. आमच्याकडे पन्नास माणसं नव्हती. रजा संपली, बाळाला ठेवायला कोणी नाही, नोकरी सुटली. जेवणाच्या डब्याची रील सुरू केली. आज त्यातून माझ्या ॲक्टिव्हाचा हप्ता जातो आणि मुलीची बालवाडीची फी जाते. सासरे आधी नाक मुरडायचे, आता तेच विचारतात की नवीन कधी टाकणार.

आणि एक बडोद्याचं खास सांगते. मराठीत व्हॉइसओव्हर केला की बघणारे पुण्याचे, नाशिकचे. गुजरातीत केला की बघणारे इथले. जाहिरात देणारी दुकानं इथलीच, त्यामुळे ती गुजराती रील बघूनच फोन करतात. घरात आम्ही मराठी बोलतो, पण माझं ऑनलाइन आईपण गुजराती झालंय. मला ते खुपतं. पण हप्ता भरायचा असतो.

न्यायमंदिर_मागे

धागाकर्तीच्या भाचीसाठी आधी लिहितो, कारण तिथे घाई आहे. ते रील करू नका.

वकिली करतो म्हणून ठामपणे सांगतो. बाळाचं डब्याचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि तयार शिशुआहार यांच्यासाठी आपल्याकडे १९९२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. सहा महिन्यांनंतर ते दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी म्हणून विकला जाणारा तयार आहार त्यात येतो. त्याच्या कलम ३ मध्ये अशा वस्तूंची जाहिरात 'कोणतीही व्यक्ती' करणार नाही आणि तिच्या प्रसारात भाग घेणार नाही असं आहे. फक्त कंपनी नाही, कोणतीही व्यक्ती. म्हणजे मांजलपूरची आईसुद्धा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'सहयोग' लिहा, 'भेट' लिहा, 'माझा अनुभव' लिहा, काही फरक पडत नाही.

कायदा असा का झाला तेही सांगतो. डब्यावरच्या गुटगुटीत बाळाचं चित्र बघून बायका अंगावरचं दूध सोडत होत्या, पावडर पातळ करून पाजत होत्या, अस्वच्छ पाण्यात कालवत होत्या आणि मुलं हगवणीने जात होती. म्हणून डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायलाही मनाई आहे. जे चित्र डब्यावर चालत नाही, ते खरं बाळ घेऊन रीलमध्ये करून द्या असं ती एजन्सी सांगतेय.

सूरसागर_काठ

वकीलसाहेब, मनापासून आभार. भाचीला लगेच फोन केला. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि एजन्सीच्या मुलीला कलम सांगितल्यावर तिने 'ओके मॅम' म्हणून बोलणं बंद केलं. म्हणजे तो प्रश्न मिटला. पण अशा किती जणींना असे निरोप येत असतील, आणि त्यांच्या ओळखीत वकील नसेल.

@वाघोडिया_रोड_मम्मा, एका हाताचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझं डब्याचं रील मला आवडेल बघायला, कारण त्यात विषय तू आणि तुझं काम आहे. माझं दुःख तिथे नाहीच.

निळी_छत्री

माझा मुलगा स्वमग्न आहे, अकरा वर्षांचा. कधीपासून यावर लिहायचं होतं.

निदान झालं तेव्हा मराठीत शोधलं. फारसं काही मिळालं नाही, पण एका आईचा ब्लॉग मिळाला, कुठल्या गावची ते आजही माहीत नाही. तिने लिहिलं होतं की मुलगा बसमध्ये कान झाकून ओरडतो तेव्हा ती लोकांकडे न बघता फक्त त्याच्या पाठीवर सावकाश, दाबून हात फिरवते. ती नोंद चार वर्षं जुनी होती. चार वर्षांनी, अनोळखी बाईला, बडोद्यात, रात्री दोन वाजता ती सापडली. लिहून ठेवलेल्याचा हा गुण मला दुसऱ्या कशातच दिसला नाही.

आज आमचा व्हॉट्सॲप गट आहे. फार जिवाभावाचा आहे. पण तिथे जे बोलतो ते महिन्याभरात वर सरकून जातं. नवीन आई येते आणि तेच प्रश्न विचारते. थकलेल्या जुन्या आया तेच उत्तर देतात, किंवा देत नाहीत. सहा महिन्यांपूर्वी एकीने थेरपीच्या प्रवासाबद्दल इतकं सुंदर लिहिलं होतं, ते मला आता शोधूनही मिळत नाही. आणि गटाबाहेरच्या आईला तर ते कधीच मिळणार नाही.

गूगलचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ पासून भारतातही वर एआयने तयार केलेलं उत्तर येतं. चार ओळीत 'शांत राहा, तज्ज्ञांना भेटा'. बरोबरच आहे ते. पण पाठीवर हात कसा फिरवायचा ते त्यात नसतं, आणि खाली जाऊन त्या आईचं पान उघडणारे कमी होतात. मग ती कशासाठी लिहील?

रीलबद्दल एकच सांगते. मुलाचा आक्रोश चालू असताना समोर फोन धरून केलेले व्हिडिओ मी बघू शकत नाही. जागृतीसाठी करतात म्हणतात. मी जागृतीसाठी माझ्याबद्दल बोलेन. त्याचा सगळ्यात वाईट क्षण त्याच्या परवानगीशिवाय जगाला दाखवण्याचा हक्क मला नाही. तो बोलत नाही म्हणून तर अजिबातच नाही.

बालवाडीताई

निळी छत्री, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण पाठिंबा.

मी एम. एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्सला मानवविकास शिकले आणि मग आयुष्यभर बालवाडीत काम केलं. गेल्या काही वर्षांत एक बदल डोळ्यांनी बघतेय. तीन-साडेतीन वर्षांचं मूल रंगकाम करतं आणि पूर्ण होण्याआधीच वर बघतं. कोणी फोन धरलाय का ते बघतं. नसेल तर ब्रश ठेवून देतं. सगळी मुलं असं करत नाहीत, पण जी करतात त्यांच्या घरी रोज चित्रीकरण असतं हे आयांशी बोलताना कळतं. मूल खेळतं ते खेळासाठी. आपल्या खेळाला बघणारा हवाच असं त्याला वाटू लागलं की त्याचा एकट्याचा रमण्याचा वेळ संपतो. आणि सगळं शिकणं त्याच वेळात होत असतं.

बोरन्हाणाचं उदाहरण घ्या. पूर्वी पाटावर मूल, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, आणि बाकीची पोरं गोळा करायला तुटून पडायची. बाळ रडलं तर उचलून घ्यायचं. या संक्रांतीला मी एका घरी गेले होते. हलव्याचे दागिने टोचत होते म्हणून बाळ रडत होतं आणि फोटोग्राफरने 'अजून एकदा' म्हणून बोरं परत भरून ओतायला लावली. दोनदा. मी शेवटी बाळाला उचललं. वाईटपणा आला, येऊ दे.

बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको असं सांगते. पडद्यासमोर नको तसं त्याने सतत पडद्यावरही नको, असं माझं म्हणणं.

शिकागोची_बडोदेकर

माहेर कारेलीबागचं, आता इलिनॉयमध्ये. इथलं थोडं सांगते, कारण हे सगळं इथे आधी घडून गेलंय.

आई म्हणून ब्लॉग लिहिण्याची चर्चा इथे झाली की हेदर आर्मस्ट्राँगचं नाव निघतंच. युटामधली. २००१ ला ब्लॉग सुरू केला, पुढच्या वर्षी त्यात ऑफिसबद्दल लिहिलं म्हणून नोकरी गेली. मुलगी झाल्यावर प्रसूतीनंतरच्या नैराश्याबद्दल, इस्पितळात दाखल झाल्याबद्दल तिने इतकं उघड लिहिलं की हजारो बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या आजाराला नाव दिलं. ब्लॉगवरच्या जाहिरातींवर घर चालवणाऱ्या पहिल्या काही आयांपैकी ती एक. २०२३ च्या मे महिन्यात ती गेली. तिने मुलांबद्दलही खूप लिहिलं आणि त्यावर तेव्हाही वाद झाले. म्हणजे ब्लॉगचा काळ अगदी निर्मळ होता असं नाही, ताई. फक्त तेव्हा वाचणारा यायला वेळ लागायचा, आता एका रात्रीत लाखो डोळे येतात.

इथे इलिनॉयमध्ये १ जुलै २०२४ पासून कायदा आहे. सोळा वर्षांखालचं मूल तीस दिवसांतल्या किमान ३०% व्हिडिओत दिसत असेल आणि त्यातून कमाई होत असेल, तर मुलाचा वाटा वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवावा लागतो. नाही ठेवला तर मोठं झाल्यावर मूल पालकांवर दावा करू शकतं. फ्रान्सने २०२० मध्येच असा कायदा केला, आणि त्यात मुलाला स्वतःहून 'माझे व्हिडिओ काढून टाका' असं सांगायचा हक्क दिला. आई-बापांची परवानगी न लागता. मला हा मुद्दा पैशांहून मोठा वाटतो.

समा_सावली

मी थोडी वेगळी बाजू मांडते. खाजगी गटांना कमी लेखू नका.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवतोय ने? जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. समा, अकोटा, फतेगंज, कारेलीबाग, सगळीकडे पाणी. माझं बाळ चार महिन्यांचं, वीज नाही, खाली पार्किंगमध्ये छातीभर पाणी. आमच्या भागातल्या आयांचा गट होता, एरवी जुने कपडे आणि पुस्तकं द्यायघ्यायला. त्या तीन दिवसांत त्या गटाने काय केलं ते मी विसरणार नाही. कोणाकडे डायपर आहेत, कोणाच्या गच्चीवरून कोणाच्या गच्चीवर दूध जाईल, कोणत्या गल्लीत ट्रॅक्टर पोचलाय. एक बेन, ज्यांना मी कधी भेटले नव्हते, त्यांनी दोरीने पिशवी पाठवली.

ते रीलने झालं नसतं, ब्लॉगनेही नाही. शंभर-सव्वाशे बायका, एका भागातल्या, एकमेकींच्या मुलांची नावं माहीत असलेल्या. मला वाटतं की आईची खरी ऑनलाइन जागा आता हीच आहे. छोटी आणि बंद.

पण एक घोटाळाही सांगते. तेव्हा काहींनी मदतीसाठी पत्ता, फोन, बाळाचं नाव-वय असं सगळं घालून सार्वजनिक पोस्ट टाकल्या. वेळच तशी होती. पाणी ओसरल्यावर त्या काढायच्या कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत आणि महिनोन्‌महिने फिरत होत्या. आपण निदान एवढं करू: गरज संपली की पोस्ट काढायची आठवण एकमेकींना द्यायची.

निळी_छत्री

समा सावली, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमचं पटलं. तरीही म्हणेन की त्या तीन दिवसांचा अनुभव कोणीतरी उघड्यावर, नीट लिहून ठेवायला हवा होता. पुढच्या पुरात दुसऱ्या भागातल्या आईला तो मिळावा म्हणून. लिहाल का?

समा_सावली

लिहिते. खरंच लिहिते.

वाघोडिया_रोड_मम्मा

गरब्याचं सांगायचं राहिलं. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी गेल्या नवरात्रीत सात वर्षांच्या मुलीचं चणिया-चोळीतलं रील टाकलं. खूप चाललं. त्यांनी मला आकडे दाखवले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. लाइकपेक्षा 'सेव्ह' कितीतरी जास्त होते, आणि प्रतिसाद देणारे बहुतेक अनोळखी पुरुष. त्यांनी त्या रात्रीच ते काढलं. मी रील करणारी असून सांगते, असे आकडे दिसले की एक मिनिटही थांबू नका. यूट्यूबने तर २०१९ मध्येच लहान मुलांच्या व्हिडिओंखालचे प्रतिसाद बंद करायला घेतले होते, ते याच कारणाने.

मी स्वतःसाठी ठरवलेलं सांगते. मुलीचे हात दिसतात, चेहरा नाही. शाळेचा गणवेश नाही, सोसायटीचं गेट नाही. आंघोळ, आजारपण, रडणं, शिक्षा यातलं काही नाही. आणि त्या दिवशी गेलेल्या ठिकाणचा व्हिडिओ त्या दिवशी नाही. कमाटीबागेत रविवारी गेलो तर बुधवारी टाकते. कमाई थोडी कमी झाली असेल, पण डब्याला चेहरा लागत नाही.

मांडवीची_आजी

नातीने हा धागा वाचून दाखवला, आणि मी सांगितलेलं तिनेच टाइप केलंय.

बायांनो, बडोद्यात बाईने चारचौघांत बोलणं नवीन नाही. चिमणाबाई महाराणींनी १९११ साली बायकांच्या स्थितीवर पुस्तक काढलं, आणि १९२७ ला पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालसाहेबांना आणून वाचनालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायची. माझ्या आईने अशाच पेटीतल्या पुस्तकावरून वाचायला सुरुवात केली असं ती सांगायची.

मला तुमचं ते रील-बील कळत नाही. पण नातसून बाळंतीण असताना दिवसभर फोनमध्ये बघून रडायची, एवढं मला कळलं. दुसऱ्या बायकांची घरं चकचकीत, बाळं हसरी, पोट महिन्याभरात सपाट. ती म्हणाली, "आजी, मलाच जमत नाही". मी तिला माझ्या बाळंतपणातलं सगळं सांगितलं, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मोरीत बसून रडायची मी. ती गप्प ऐकत राहिली आणि मग जेवली. तर तुम्ही ते लिहा. हसऱ्या बाळाच्या चित्राने कोणी बाई बरी झालेली मी पाहिली नाही.

सूरसागर_काठ

आजी, नमस्कार करते. मी चार परिच्छेदांत जे चाचपडत होते ते तुम्ही सांगून टाकलंत.

आणि चिमणाबाईंचं बघा ना. महाराणी असून त्या बायकांच्या शिक्षणाबद्दल, बायकांच्या जगण्याबद्दल बोलल्या. मला हेच हवंय. आईला मुलापलीकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

ज्या कोणी हे वाचत असतील आणि आजींच्या नातसुनेसारखं वाटत असेल त्यांच्यासाठी: १४४१६ ही टेलिमानसची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालते, आपल्या भाषेत बोलता येतं. फोन करायला लाजू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो.

अलकापुरी_जुनी_गल्ली

एक प्रश्न वकीलसाहेबांना. आपल्याकडे इलिनॉयसारखं काही आहे का? मुलाच्या कमाईचं?

न्यायमंदिर_मागे

बालकलाकारांसाठी आहे. बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांत निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते, मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २०% राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. नियम लिहिले गेले ते सेटवरच्या निर्मात्याला समोर ठेवून. आपल्या स्वयंपाकघरात निर्माता, दिग्दर्शक आणि आई एकच असते. म्हणून माझा सल्ला असा की कायदा दारात येण्याची वाट बघू नका. मूल दिसलेल्या व्हिडिओचे पैसे आले की त्याच्या नावे ठेव करा आणि हिशोब लिहून ठेवा.

माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण 'मूल', आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. पण तो कंपन्यांना आवरतो. घरगुती, वैयक्तिक वापर त्यातून वगळलेला आहे. तेव्हा आई-बापांनी टाकलेल्या फोटोला तो आडवा येईल अशी आशा धरू नका.

आणि रील करणाऱ्यांनी हे वाचाच. पैसे घेतले नाहीत, नुसता डबा, कपडे, खेळणं किंवा फुकट मुक्काम मिळाला, तरी ती जाहिरातच. जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ते ठळक सांगावं लागतं, व्हिडिओतच, आणि ज्या भाषेत बोलताय त्याच भाषेत. खाली हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवून चालत नाही. दिशाभूल ठरली तर ग्राहक प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

वाघोडिया_रोड_मम्मा

म्हणजे माझ्या गुजराती रीलवर गुजरातीत 'जाहेरात' लिहायचं?

न्यायमंदिर_मागे

हो. पहिल्या काही सेकंदांतच, आणि वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. व्हिडिओत तोंडानेही सांगायला हवं.

बालवाडीताई

मम्मा, तुझे नियम मी छापून बालवाडीच्या फलकावर लावू का? तुझं नाव न घालता.

वाघोडिया_रोड_मम्मा

लावा ने ताई. आनंदच आहे.

आणि मी एक करून बघणार आहे. आठवड्यातून एक मराठी. डबा भरता भरता फक्त माझ्याबद्दल बोलायचं, नोकरी सुटल्यावर काय वाटलं ते. दुकानवाले नाही बघणार, चालेल. फोनमध्ये बोलून टाइप करायची सोयही मराठीत बरी झालीय, तेच बोललेलं इथे लिहून टाकीन. एका हाताने होईल.

सूरसागर_काठ

जरूर टाक. मी वाट बघते. निळी छत्री, समा सावली, तुम्हीही.

जाता जाता एक मदत हवी. माझा ब्लॉग अजून ब्लॉगस्पॉटवर तसाच आहे. मुलगा आता मोठा आहे, त्याला सगळं वाचायला द्यायचंय, आणि त्याच्याबद्दलचं काय उघडं राहावं, काय काढावं ते त्यालाच ठरवू द्यायचंय. काढण्याआधी सगळं उतरवून कसं घेऊ?

अलकापुरी_जुनी_गल्ली

सेटिंग्जमध्ये जा, 'मॅनेज ब्लॉग' खाली 'बॅक अप कंटेंट' आहे. त्याने सगळ्या नोंदी आणि खालचे प्रतिसाद एका फाइलमध्ये येतात. फोटो त्यात नसतात, फक्त त्यांचे दुवे असतात, म्हणून फोटो वेगळे उतरवून घ्या, आणि ते झाल्याशिवाय काहीही पुसू नका. एखादी नोंद नुसती लपवायची असेल तर ती परत ड्राफ्टमध्ये टाकता येते, पुसावी लागत नाही. अडलं तर सांगा, शनिवारी येऊन करून देतो.